वापरलेल्या एसएसडीची खरेदी व परीक्षा

'म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही, हातांनी चाचपली नाही, तिचा भाव ठरवून बसणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे, एवढाच तिचा अर्थ. आपला शेतकरी बैल घ्यावयास बाजारात गेला म्हणजे त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास चार पावले चालवून पाहतो, आणि मगच पैशाच्या गोष्टी काढतो. परंतु आजच्या बाजारात काही वस्तू अशा आल्या आहेत, की त्यांचे दात कोठे असतात हेच आपणांस ठाऊक नसते. संगणकातील माहिती साठविणारी 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह', जिला सर्वजण एसएसडी म्हणतात, ती अशांपैकीच एक होय. बाहेरून पाहावी तर ती लहानशी चपटी डबी. आत काही फिरत नाही, आवाज होत नाही, झीज दिसत नाही. चार वर्षे अहोरात्र राबलेली एसएसडी आणि काल कारखान्यातून निघालेली एसएसडी, दोन्ही शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात.

या विषयावर लिहिण्याचे कारण असे. आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात बारा जुने संगणक आहेत. ते इतके मंद झाले होते, की तासाचा पहिला चतुर्थांश ते सुरू होण्यातच जात असे. त्यांतील फिरत्या चकत्या काढून एसएसडी बसविल्यास ते पुन्हा कामाचे होतील हे आम्हास समजले; परंतु बारा नव्या एसएसडी घेण्याइतका निधी नव्हता. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कचेऱ्यांतील मोडीत काढलेल्या संगणकांतून निघालेल्या वापरलेल्या एसएसडी नव्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात, त्या आणण्याचे ठरले. त्या खरेदीत आम्ही जे शिकलो, आणि एका ठिकाणी जे चुकलो, ते येथे विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगासाठी लिहीत आहोत. आज अनेक घरी मुलांच्या अभ्यासासाठी वापरलेला लॅपटॉप घेतला जातो. त्या सर्वांस हा विषय जवळचा वाटेल.

प्रथम ही वस्तू आतून कशी असते ते पाहू. जुन्या चकतीत माहिती चुंबकाच्या योगाने लिहिली जाते. एसएसडीत चुंबक नाही. तेथे सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म खण असतात, आणि प्रत्येक खणात थोडे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. खणाच्या भिंती विद्युत्‌रोधक असल्यामुळे वीज बंद झाली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात. खणात किती भार आहे हे मोजले की त्यात कोणता अंक लिहिला आहे ते कळते. या 'फ्लॅश' स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा पहिला प्रकार १९८४ साली, आणि आज एसएसडीत वापरला जाणारा 'नँड' नावाचा प्रकार १९८७ साली त्यांनी जगापुढे मांडला. पुष्कळ खण एकदम पुसण्याची तिची रीत छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी वाटली, म्हणून तिला 'फ्लॅश' हे नाव मिळाले.

या स्मृतीचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की ती पाटीसारखी आहे. पण ही पाटी जरा हट्टी आहे. तिच्यावर एकेक ओळ लिहिता येते, परंतु एकच ओळ पुसता येत नाही; पुसावयाची तर सबंध पाटी पुसावी लागते. एक ओळ बदलावयाची झाल्यास नवी ओळ दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहावयाची, जुनी ओळ रद्द झाल्याची खूण ठेवावयाची, आणि सवडीने पहिल्या पाटीवरील उरलेल्या कामाच्या ओळी हलवून ती पुसावयाची, असा हा उद्योग आहे. दुसरा स्वभाव असा, की इलेक्ट्रॉन भिंतीतून आत ढकलताना आणि बाहेर काढताना जोराचा विद्युत्‌दाब द्यावा लागतो, आणि दर खेपेस ती भिंत किंचित झिजते. म्हणजे वाचल्याने नव्हे, तर लिहिण्या-पुसण्याने एसएसडी म्हातारी होते. एका खणात एकच अंक ठेवणाऱ्या जातीत भार 'आहे' किंवा 'नाही' एवढेच ओळखावयाचे असते. ती सुमारे लाख वेळा लिहिणे सोसते. एका खणात तीन अंक ठेवणाऱ्या जातीत भाराच्या आठ पायऱ्या अचूक ओळखाव्या लागतात, आणि चार अंकांच्या जातीत सोळा. पायऱ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोड्या झिजेनेही चूक होण्याची भीती अधिक. म्हणून तीन अंकांची जात साधारण हजार ते तीन हजार वेळांवर थकते. खण कमी आणि माल अधिक, म्हणूनच ती स्वस्त पडते.

आता एवढ्या पाट्यांची व्यवस्था कोण पाहतो? त्यासाठी प्रत्येक एसएसडीत एक लहानसा संगणकच असतो. त्यास नियंत्रक म्हणतात. तो कोठीवरच्या कारभाऱ्यासारखा आहे. कोणती ओळ कोणत्या पाटीवर आहे याची वही तो ठेवतो. एकाच पाटीवर वारंवार लिहून ती झिजू नये म्हणून सर्व पाट्या पाळीपाळीने वापरतो. फुटलेली पाटी बाजूला काढून राखीव पाट्यांतून दुसरी घेतो. आणि हा कारभारी ज्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चालतो, त्या पुस्तकाचे नाव फर्मवेअर. ते कारखान्यातच नियंत्रकाच्या हाती दिलेले असते. खण उत्तम, कारभारी तत्पर, पण नियमपुस्तकात एक ओळ चुकली, तर सर्व कोठी बंद पडू शकते. ही केवळ कल्पना नव्हे. चार खरी उदाहरणे देतो.

इंटेल कंपनीच्या ३२० या मालिकेतील काही एसएसडी २०११ साली अशा निघाल्या, की अकस्मात वीज गेल्यानंतर त्या आपली साठवण केवळ ८ मेगाबाइट असल्याचे सांगत. शेकडो गिगाबाइटांची कोठी एका रात्रीत कोनाड्याएवढी झाली! कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारलेले फर्मवेअर दिले. क्रुशिअलच्या एम-४ या एसएसडी एकूण ५,१८४ तास चालून झाल्या की गोठत. संगणक पुन्हा सुरू केला की एक तास चालत आणि पुन्हा गोठत. जानेवारी २०१२ मधील फर्मवेअरने तो दोष गेला. सॅमसंगच्या ८४० इव्होत बरेच दिवस न हललेला जुना मजकूर वाचताना फार वेळ लागे. तीन अंकांच्या खणांतील भार काळाने सरकतो, त्याचा हिशेब नियमपुस्तकाने नीट ठेवला नव्हता. त्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये एक व एप्रिल २०१५ मध्ये दुसरी सुधारणा निघाली.

चौथे उदाहरण सर्वांत भयंकर. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांस कळविले, की मोठ्या सर्व्हर-यंत्रांत बसविलेल्या काही एसएसडी ३२,७६८ तास पुरे होताच बंद पडतील, आणि मग ना एसएसडी परत मिळेल ना तिच्यातील माहिती. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी ही संख्या पाहताच ओळखावी: ती २ चा १५ वा घात आहे. सोळा द्विमान अंकांच्या जागेत धन व ऋण संख्या मांडल्या, तर सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७ बसते. त्यात एक मिळविताच मोजणी ऋण बाजूस उलटते. तासांचा हिशेब ठेवावयास जागा अपुरी पडावी आणि त्यापायी सारी कोठी बुडावी, असाच बोध ही संख्या करून देते. ३२,७६८ तास म्हणजे अखंड चालल्यास ३ वर्षे, २७० दिवस व ८ तास. एकाच दिवशी बसविलेल्या सर्व एसएसडी जवळजवळ एकाच घटकेस बंद पडणार, म्हणून 'एक गेली तरी दुसरी आहे' हा आधारही पोकळ ठरतो. पुढे मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने दुसऱ्या काही एसएसडींविषयी ४०,००० तासांची अशीच सूचना काढली. दोन्ही वेळा उपाय एकच होता: तास भरण्यापूर्वी नवे फर्मवेअर घालणे.

वापरलेली एसएसडी घेणाऱ्याने या गोष्टींचा विचार अधिक करावयाचा, तो का? पहिल्या धन्यास कंपनीची सूचना गेली असेल; त्याने ती वाचली की नाही हे आपणांस ठाऊक नाही. आपण दुसरे धनी. आपल्याला कोणी पत्र पाठविणार नाही. शिवाय नव्या एसएसडीस ते अरिष्ट वर्षांच्या अंतरावर असते. जुनी कदाचित त्याच्या उंबरठ्यावरच उभी असेल.

तेव्हा बैलाचे दात कसे पाहावयाचे ते सांगतो. प्रत्येक एसएसडी आपली दिनचर्या स्वतःच लिहून ठेवते. त्या नोंदीस 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स या फुकट मिळणाऱ्या साधनांनी ती नोंद वाचता येते. तीत पाच गोष्टी पाहाव्यात: एकूण किती तास चालली, आजवर किती मजकूर लिहिला गेला, किती पाट्या फुटल्या म्हणून बदलल्या, आयुष्याचा शेकडा किती भाग खर्ची पडला, आणि फर्मवेअर कोणत्या क्रमांकाचे आहे.

लिहिलेल्या मजकुराचा अर्थ लावण्यास थोडे अंकगणित लागते. एनव्हीएमई जातीच्या एसएसडीत ही मोजणी 'एककां'त असते, आणि एक एकक म्हणजे ५,१२,००० बाइट. समजा, नोंदीत २ कोटी एकके दिसली; गुणाकार केल्यास १०.२४ टेराबाइट होतात. हे पुष्कळ की थोडे? सॅमसंगच्या ८६० इव्हो या २५० गिगाबाइटच्या एसएसडीस कंपनीने १५० टेराबाइट लेखनाची किंवा ५ वर्षांची, जे आधी संपेल त्याची, हमी दिली होती. त्या मापाने १०.२४ टेराबाइट म्हणजे शेकडा सातच्याही आत. आणि रोज २० गिगाबाइट लिहिणाऱ्या घरास १५० टेराबाइट संपवावयास ७,५०० दिवस, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. यावरून असे दिसते, की कचेरीतील पत्रव्यवहारासाठी वापरलेली एसएसडी बहुधा झिजलेली नसते, आणि वापरलेली वस्तू घेणे हा मूर्खपणा नाही. मूर्खपणा आहे तो न पाहता घेण्यात.

परंतु नोंदीवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. २०२५ च्या आरंभी युरोपात असे उघडकीस आले, की वापरलेल्या हार्ड डिस्क स्मार्टमधील तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. चकतीत निराळी ठेवलेली दुसरी नोंद पुसावयाची राहिली, म्हणून लबाडी कळली. तेव्हा नोंदीचा मेळ वस्तूशी घालून पाहावा. डबीवर पाच वर्षांपूर्वीची तारीख, कडांना पेचांचे ओरखडे, आणि तास मात्र तीन, असे दिसले तर विक्रेत्यास नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे. काही खोट्या एसएसडी आपली साठवण फुगवून सांगतात. त्यांची परीक्षा सबंध जागा भरेपर्यंत मजकूर लिहून तो परत वाचल्याने होते. एफ-थ्री व एचटूटेस्टडब्ल्यू ही साधने नेमके हेच करतात. तसेच जोडणीचा प्रकार पाहावा: मोठ्या सर्व्हरांतील सॅस जातीची एसएसडी घरच्या संगणकाच्या साटा जोडणीवर चालत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

आमच्या खरेदीत पहिल्या दुकानदाराने एसएसडी संगणकास लावून दाखविण्याचे नाकारले. "एवढ्या कमी भावात तपासणी कसली मागता?" असे तो म्हणाला. आम्ही निघालो. दुसऱ्याने आपला संगणक आमच्यापुढे सरकविला आणि म्हणाला, "सर, हवे तितके पाहा." आम्ही चौदा पाहिल्या, दोन बाजूस काढल्या (एकीचे आयुष्य शेकडा नव्वदाहून अधिक सरले होते, दुसरीत बदललेल्या पाट्यांची संख्या फार होती) आणि बारा घेतल्या. त्या दिवशी पहिल्या दुकानदाराचा आम्हास राग आला होता. पुढे विचार करता त्याचे बोलणे नकळत खरेच होते असे वाटले. कमी भावात तपासणी येत नाही. ती आपण करावयाची असते.

घरी आणल्यावर पहिले काम पुसण्याचे. आमच्या एका एसएसडीत कोणा अपरिचित कुटुंबाची छायाचित्रे तशीच होती. ती पाहावी असा मोह मुलांस झाला. आम्ही ती न पाहता पुसली, आणि त्या दिवशीचा तास त्याच विषयावर घेतला. साधे 'फॉर्मॅट' केल्याने मजकूर जातो असे नाही. कारभाऱ्याच्या राखीव पाट्यांवर जुन्या ओळी राहू शकतात. म्हणून एसएसडीतच असलेली 'सिक्युअर इरेज' किंवा 'सॅनिटाइझ' ही आज्ञा वापरावी. आपली जुनी एसएसडी विकताना तर ती अवश्य वापरावी.

नंतर फर्मवेअर. एसएसडीचे नाव व फर्मवेअरचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि बनविणाऱ्या कंपनीने त्यापुढचे फर्मवेअर काढले आहे का, ते कोणत्या दोषासाठी, हे वाचावे. लॅपटॉपबरोबर आलेल्या एसएसडीचे फर्मवेअर पुष्कळदा लॅपटॉपच्या कंपनीकडूनच घ्यावे लागते. एकीचे फर्मवेअर दुसरीत घालण्याचे धाडस कदापि करू नये. काम सुरू करण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवावी. वीज जाणार नाही अशी तजवीज करावी: लॅपटॉप भरलेला व तारेस लावलेला, मेजावरील संगणक यूपीएसवर. कंपनीचेच साधन वापरावे, ते चालू असता कशासही हात लावू नये, शेवटी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा व नवा क्रमांक दिसतो की नाही ते पाहावे.

हे सर्व आम्हास ठाऊक होते. तरीही आम्ही चुकलो, ते असे. बारांपैकी सात एसएसडी एकाच बनावटीच्या होत्या व त्यांचे फर्मवेअर जुने होते. ते त्याच आठवड्यात बदलावयाचे, ते आळसाने दिवाळीच्या सुटीपर्यंत राहिले. तोवर मुले त्यांवर काम करू लागली होती. सुटीत बसलो. पहिल्या सहांची प्रत घेतली, फर्मवेअर घातले, सर्व निर्विघ्न पार पडले. सहा वेळा काही बिघडले नाही, म्हणून सातव्या वेळी प्रत घेण्याचा कंटाळा केला. यूपीएसची बॅटरी उतरली आहे हे दिसत असूनही 'दोन मिनिटांचे तर काम' असे म्हणून बटन दाबले. त्या दोन मिनिटांतच वीज गेली. वीज आल्यावर ती एसएसडी संगणकास पुन्हा दिसली नाही. आजतागायत दिसलेली नाही.

तिच्यात इयत्ता नववीच्या मुलांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज मोजलेल्या पावसाचे आकडे होते. चार महिने, रविवारसुद्धा न चुकता, पाळीपाळीने शाळेत येऊन त्यांनी ते घेतले होते. सुटी संपल्यावर वर्गापुढे उभे राहून आम्ही झाली गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. ते मौन आम्हास फार जड गेले. मग मागच्या बाकावरील एका मुलीने दप्तरातून एक वही काढली. संगणकात भरण्यापूर्वी ती प्रत्येक आकडा पेन्सिलीने वहीत उतरवून ठेवीत असे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तिच्या आजोबांची दुकानाच्या हिशेबाची तशी रीत होती म्हणून. दोन दिवसांत सर्व आकडे पुन्हा भरले गेले. नुकसान एका एसएसडीच्या किमतीचे झाले. ती किंमत आम्ही आमच्या खिशातून दिली, आणि तेच योग्य होते.

त्या मुलीच्या वहीने शिकविलेली गोष्ट एसएसडी बनविणारेही मानतात. एसएसडींच्या टिकाऊपणाचे जेडेक या संस्थेने ठरविलेले मान असे, की लेखनाची ठरीव मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसता ३० अंश सेल्सिअस उष्णतेत एक वर्ष मजकूर टिकवावा. मोठ्या सर्व्हरांसाठी असलेल्या जातीने ४० अंशांत तीन महिने. म्हणजे पुरती झिजलेली एसएसडी कपाटात ठेवून 'माझी छायाचित्रे सुरक्षित आहेत' असे समजणे हे उन्हात बर्फ ठेवण्यासारखे आहे. एकुलती एक प्रत ही प्रतच नव्हे, मग ती नव्या एसएसडीत असो की जुन्या.

विद्यार्थिमित्रहो, वापरलेल्या वस्तूत मिळणारी सूट ही कोणी दिलेली देणगी नाही. वस्तू तपासणे, तिचे जुने दोष शोधणे, तिचे नियमपुस्तक अद्ययावत करणे, हे जे श्रम विक्रेत्याने टाळले, ते आपल्या अंगावर आले; त्या श्रमांची मजुरी म्हणजे ती सूट. ज्याने श्रम केले, त्याला ती मजुरी न्याय्य मिळाली. ज्याने श्रम टाळून नुसती सूट खिशात घातली, त्याच्याकडून ती केव्हा ना केव्हा व्याजासह वसूल होते; आणि आमच्याबाबतीत झाले तसे, पुष्कळदा ती दुसऱ्याच कोणाच्या चार महिन्यांच्या कष्टांतून वसूल होऊ पाहते. पालकांस विनंती, की मुलांसाठी वापरलेला संगणक अवश्य घ्यावा, परंतु घेताना मुलास बरोबर न्यावे आणि त्याच्याकडूनच ती नोंद वाचवून घ्यावी.

आमच्या अकरा एसएसडी आज उत्तम चालत आहेत. बाराव्या संगणकात आता नवी आहे. संगणक-कक्षाच्या भिंतीवर मुलांनी एक तक्ता लावला आहे. त्यात प्रत्येक एसएसडीचे तास, लिहिलेला मजकूर, फर्मवेअरचा क्रमांक आणि शेवटची प्रत कोणत्या दिवशी घेतली ते दर महिन्यास भरले जाते. यूपीएसला नवी बॅटरी बसविली आहे. आणि पावसाची वही अजून पेन्सिलीनेच लिहिली जाते.